सायलेंट हंटर ३ की ४, यूबोट की वुल्फपॅक? पाणबुडीयुद्धाचा गेम निवडताना

पाणबुडीचा गेम घ्यायचं ठरवलं की फिरून फिरून चार नावं समोर येतात. युबीसॉफ्टचे दोन जुने गेम, सायलेंट हंटर ३ (२००५) आणि सायलेंट हंटर ४ (२००७). पोलंडच्या डीप वॉटर स्टुडिओचा यूबोट, जो २०१९ पासून अपूर्ण स्थितीत विकला जात होता आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण आवृत्ती म्हणून बाहेर आला. आणि स्वीडनमधल्या एका छोट्या चमूचा वुल्फपॅक. चारही दुसऱ्या महायुद्धातले, आणि चौघांनाही सिम्युलेशनच म्हटलं जातं. पण पाणबुडी चालवणं हे एका माणसाचं काम नाही, आणि प्रत्येक गेमने त्यातलं वेगळं काम तुमच्या हातात दिलं आहे. तेव्हा पाणबुडीवर कोणाचं काम करायला आवडेल यावर निवड करा. पाण्यावरचं चांदणं कुठल्या गेममध्ये जास्त सुंदर दिसतं, हा मुद्दा दुय्यम आहे.

आधी खरी पाणबुडी

जर्मनांची सर्वांत जास्त संख्येने बांधलेली पाणबुडी म्हणजे टाइप ७-सी. लांबी ६७ मीटर, पुढे चार नळ्या, मागे एक, एकूण १४ टॉर्पेडो आणि ४५ ते ५० माणसं. पृष्ठभागावर डिझेलवर १७.७ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), पाण्याखाली विजेच्या मोटरवर जेमतेम ७.६ नॉट, आणि तेही थोडाच वेळ. ४ नॉटने गेलात तर बॅटरी साधारण ८० सागरी मैल पुरते, म्हणजे २० तास. त्यानंतर वर यावंच लागतं.

या आकड्यांतच सगळं युद्ध आहे. व्यापारी ताफे ७ ते १० नॉटने चालायचे. म्हणजे बुडालेली पाणबुडी ताफ्याला मागून गाठूच शकत नाही. तिला पृष्ठभागावरून, नजरेच्या टप्प्याबाहेर राहून, मोठा वळसा घालून पुढे जावं लागतं. ताफा ९ नॉटने आणि तुम्ही १६ नॉटने असाल तर दर तासाला ७ मैलांची आघाडी मिळते. २० मैल पुढे जायला सरळ हिशेबाने तीन तास, आणि वळसा धरला तर चार-पाच. मग वाटेत आडवं थांबायचं. १९४०-४१ मध्ये ऑटो क्रेचमरसारखे कप्तान रात्री पृष्ठभागावरूनच ताफ्याच्या रांगांमध्ये शिरत आणि जवळून एकेका जहाजावर एकेक टॉर्पेडो सोडत. पाण्याखालून दिवसा हल्ला करणं हा त्यामानाने अडचणीचा प्रकार होता.

हा वळसा सायलेंट हंटरच्या दोन्ही गेममध्ये आणि यूबोटमध्ये तुम्हाला स्वतः आखावा लागतो, नकाशावर पट्टी-कोनमापक घेऊन. वुल्फपॅक ताफ्याच्या जवळच सुरू होतो. ज्यांना शोधाशोध कंटाळवाणी वाटते त्यांना ही सोय वाटेल. ज्यांना शिकार म्हणजे वाट पाहणंच वाटतं, त्यांना वुल्फपॅक अर्धाच वाटेल.

चार आकडे

चारही गेमचा गाभा एकच: लक्ष्याचा दिशाकोन (तुमच्या पाणबुडीच्या नाकापासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला), अंतर, वेग आणि त्याच्या नाकाचा कोन. शेवटचा कोन नवख्यांना अडतो. लक्ष्य ज्या दिशेने चाललंय ती रेषा आणि तुमच्याकडे येणारी रेषा यांच्यामधला तो कोन. जहाज सरळ तुमच्याकडे येत असेल तर शून्य, पूर्ण आडवं असेल तर ९०. हे चार आकडे टॉर्पेडोच्या गणकयंत्रात भरले की ते टॉर्पेडोला किती वळायला सांगायचं ते काढतं.

यातला वेग काढायची सर्वांत भरवशाची रीत अशी. पाणबुडी जवळजवळ थांबवा. पेरिस्कोपची उभी रेघ एका दिशेवर स्थिर धरा. जहाजाचं नाक रेघेला लागलं की घड्याळ सुरू, शेपूट गेलं की बंद. जहाजाची लांबी मीटरमध्ये घेऊन १.९४ ने गुणा आणि सेकंदांनी भागा. १३० मीटरचं जहाज ३० सेकंदांत गेलं तर वेग ८.४ नॉट. या रीतीत अंतर लागत नाही आणि नाकाचा कोनही लागत नाही. तो फार निमुळता असेल तेवढं सोडून. चूक होते ती दोन ठिकाणी: जहाज ओळखण्यात गफलत झाली की लांबीच चुकते, आणि स्वतःची पाणबुडी आडव्या दिशेने सरकत असेल तर तिचा वेग त्यात मिसळतो.

आता सोपा हल्ला. लक्ष्याच्या मार्गाला बरोबर काटकोनात पाणबुडी उभी करा. विजेवरच्या टॉर्पेडोचा वेग ३० नॉट, लक्ष्याचा ८. आठला तीसने भागून त्याचा स्पर्शज्या-कोन (tan⁻¹) घेतला की १५ अंश येतात. लक्ष्य डावीकडून उजवीकडे जात असेल तर गणकयंत्रात दिशाकोन ३४५, नाकाचा कोन उजवा ७५ आणि वेग ८ भरून ठेवा. पेरिस्कोप ३४५ वर स्थिर करा, आणि जहाजाचा मधला भाग रेघेवर आला की सोडा. टॉर्पेडो सरळ जातो, वळत नाही, म्हणून अंतर चुकलं तरी फरक पडत नाही. वाफेच्या ४४ नॉटच्या टॉर्पेडोला हाच कोन १० अंशांच्या आसपास येतो.

काटकोनाचा आग्रह का, तर चुकीची किंमत कमी होते. नाकाचा कोन ९० च्या ठिकाणी ८० समजलात तर गणितात दीड टक्क्याचा फरक पडतो. ३० च्या ठिकाणी ४० समजलात तर सुमारे २९ टक्क्यांचा. आणि जवळ जाण्याचा आग्रह यासाठी: वेगात एक नॉटची चूक असेल तर ३० नॉटचा टॉर्पेडो १००० मीटरवर सुमारे ३३ मीटर चुकतो. १३० मीटरच्या जहाजाच्या मध्यावर नेम असेल तर तरीही लागतो. ३००० मीटरवर हीच चूक १०० मीटरची होते, आणि टॉर्पेडो रिकाम्या पाण्यातून जातो. लांबून भरमसाट टॉर्पेडो सोडून 'गेम खराब आहे' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

सायलेंट हंटर ३

वीस वर्षांचा गेम अजूनही शिफारशीत का येतो याचं कारण त्याची मोहीम. १९३९ पासून १९४५ पर्यंत ताफे, एकटी जहाजं, विमानं आणि तळ तारखेप्रमाणे बदलत जातात. तळावरून नकाशावरच्या नेमून दिलेल्या चौकटीत जायचं, तिथे २४ तास गस्त घालायची, मग इंधन आणि टॉर्पेडो असेपर्यंत आपल्या मर्जीने शिकार. टाइप २, ७, ९ आणि शेवटी २१ अशा पाणबुड्या मिळतात. १९४० मध्ये जी चाल सहज जमते तीच १९४३ मध्ये जीव घेते, आणि हे कुठल्याही सूचनेशिवाय हळूहळू अंगावर येतं. इतिहासातही मे १९४३ मध्ये एका महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या गेल्या, आणि जर्मन पाणबुड्यांचा सेनापती डोनिट्झला उत्तर अटलांटिकमधून माघार घ्यावी लागली. रडार, लांब पल्ल्याची विमानं, वायरलेस लहरींची दिशा शोधणारी यंत्रं आणि एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राची फुटलेली भाषा हे सगळं एकत्र आलं होतं. गेममध्ये रडारची चाहूल देणारं यंत्र बसवून तुम्ही निर्धास्त होता, आणि मग नव्या, आखूड लहरींच्या रडारचं विमान त्या यंत्राला न कळता डोक्यावर येतं. तसंच घडलं होतं.

खोलीतल्या बॉम्बपासून, म्हणजे डेप्थ चार्जपासून सुटण्याचा खेळही याच गेममध्ये नीट शिकता येतो. शोधनौकेची आस्डिक (ध्वनीने पाणबुडी शोधणारं यंत्र) पुढे आणि तिरकी खाली पाहते. ती डोक्यावर येताना शेवटच्या टप्प्यात तिला तुम्ही दिसत नाही. शिवाय ब्रिटिश डेप्थ चार्ज सेकंदाला सुमारे ३ मीटर बुडतो. तुम्ही १८० मीटरवर असाल तर त्याला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात २ नॉटने तुम्ही ६० मीटर सरकता, ६ नॉटने १८५. म्हणून वरून पंख्यांचा आवाज मोठा झाला की पूर्ण वेग आणि कडक वळण, स्फोट संपत आले की पुन्हा २ नॉट आणि शांतता. स्फोटांच्या गदारोळात तुमचा आवाज लपतो, नंतर लपत नाही. हेजहॉग हे नवं अस्त्र आल्यावर हे गणित बिघडतं, कारण ते पुढे फेकलं जातं आणि शोधनौकेची नजर तुमच्यावरून हटतच नाही.

आणखी एक सवय: टाइप ७ चे ध्वनिग्राहक पृष्ठभागावर काम करत नाहीत. दर काही तासांनी २५ मीटरवर बुडी मारून ऐका. डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी पलीकडचे पंखे ऐकू येतात. वादळात तर हाच एक मार्ग. तसंच बाहेरच्या डब्यांतले राखीव टॉर्पेडो आत घ्यायला पृष्ठभागावर यावं लागतं आणि समुद्र शांत लागतो, म्हणून चांगलं हवामान मिळालं की ते काम आधी उरका.

उणीवा स्पष्ट आहेत. खलाशी म्हणजे चौकटींतली चित्रं. ती थकतात आणि तुम्ही माउसने त्यांना इकडून तिकडे ओढत बसता. दुसऱ्या जर्मन पाणबुड्या तुमच्या मदतीला येत नाहीत, म्हणजे ज्या कळपाच्या डावपेचावर ही सगळी लढाई उभी होती तोच इथे नाही. मूळ गेमचं चित्र १०२४ × ७६८ मध्ये अडकलेलं आहे. आणि शिकार फार मुबलक आहे. क्रेचमरने सगळ्या कारकिर्दीत पावणेतीन लाख टनांच्या आसपास जहाजं बुडवली. स्वयंचलित नेमबाजी चालू ठेवणारा खेळाडू हा आकडा काही गस्तींत ओलांडतो.

म्हणूनच मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल. जीडब्ल्यूएक्स ३.० हे सर्वांत मोठं आणि सर्वांत जास्त वापरलं जाणारं. एनवायजीएम आणि एलएसएच ही त्याची पर्यायी घराणी. एसएच३ कमांडर नावाचं वेगळं साधन यादृच्छिक बिघाड आणि खलाशांची बदली आणतं. बसवण्याचा क्रम बिघडला की गेम बंद पडतो. आधी कोरा गेम, तोही 'प्रोग्रॅम फाइल्स' बाहेरच्या फोल्डरमध्ये, नाहीतर विंडोज फाइली बदलू देत नाही. मग १.४बी पॅच. मग मोठा मॉड. मग चार जीबी मेमरी वापरू देणारा पॅच, कारण गेम ३२ बिटचा आहे आणि मोठ्या मॉडबरोबर मेमरी संपून डेस्कटॉपवर फेकला जातो. छोटे मॉड शेवटी, जेएसजीएमई या साधनातून. गस्तीवर असताना मॉड बदलू नका, तळावर परतल्यावरच. पाण्याखाली असताना किंवा ताफा जवळ असताना सेव्ह करू नका; उघडल्यावर जहाजं विचित्र वागतात किंवा फाइल उघडतच नाही.

सायलेंट हंटर ४

हा अमेरिकेचा प्रशांत महासागर. गाटो वर्गाची पाणबुडी ९५ मीटर लांब, दहा नळ्या (पुढे सहा, मागे चार), २४ टॉर्पेडो, पृष्ठभागावर २१ नॉट. टाइप ७ च्या सवयीने इथे आलात तर हॉटेलात आल्यासारखं वाटतं. पण खोली बेताची: गाटोची चाचणी-खोली ३०० फूट, म्हणजे ९० मीटर, नंतरच्या बलाओची ४०० फूट. टाइप ७ मध्ये २०० मीटरवर निवांत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. भरपाई म्हणून समुद्रातल्या उष्णतेच्या थराखाली लपता येतं. थर ओलांडला की शत्रूचा ध्वनिशोध मंदावतो.

या गेमची खरी मजा, आणि खरी चीड, मार्क १४ टॉर्पेडोत आहे. तो इतिहासातला कुप्रसिद्ध प्रकार आहे आणि त्याचे दोष एकावर एक चढलेले होते. एक, तो ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे ११ फूट खाली धावायचा. जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ मासेमारीच्या जाळ्यातून टॉर्पेडो सोडून अमेरिकी ॲडमिरल लॉकवुडच्या माणसांनी हे सिद्ध केलं. दोन, त्याचा चुंबकीय स्फोटक (जहाजाच्या लोखंडाची चाहूल लागून उडणारा) लक्ष्यापाशी पोचण्याआधीच उडायचा. जून १९४३ मध्ये प्रशांत ताफ्याचा प्रमुख निमिट्झने तो बंद करायचा हुकूम दिला. तीन, हे दोन्ही सुटल्यावर कळलं की साधा आघाताने उडणारा स्फोटकही काटकोनात जोरात आदळला तर त्यातली पिन चेपते आणि तो उडतच नाही. जुलै १९४३ मध्ये टिनोसा या पाणबुडीने तोनान मारू ३ वर पंधरा टॉर्पेडो सोडले, त्यांतले अकरा फुसके निघाले. कप्तान डॅस्पिटने एक टॉर्पेडो तपासणीसाठी मुद्दाम परत आणला. मग हवाईतल्या काहोओलावेच्या कड्यावर टॉर्पेडो मारून पाहिले, क्रेनवरून खाली टाकून पाहिले, तेव्हा कुठे सप्टेंबर १९४३ पर्यंत दुरुस्ती झाली.

गेममध्ये फुसके टॉर्पेडो चालू ठेवले तर निकामी ठरण्याची शक्यता तारखेप्रमाणे आणि आदळण्याच्या कोनाप्रमाणे बदलते. म्हणजे सायलेंट हंटर ३ मध्ये घोटून पाठ केलेला काटकोनी हल्ला इथे १९४२ मध्ये तुमच्याच विरोधात जातो. १९४३ च्या शरद ऋतूपर्यंत हे करा: चुंबकीय स्फोटक बंद, खोली शक्य तितकी उथळ, लक्ष्यावर ४५ ते ६० अंशांच्या तिरकस कोनातून मारा, आणि अंतर मिळत असेल तर टॉर्पेडोचा मंद वेग निवडा. मंद वेगाने आघात हलका होतो आणि पिन चेपण्याची शक्यता कमी होते. त्यानंतरच्या तारखांना मात्र काटकोन पुन्हा चांगला. जर्मनांनाही १९४० च्या नॉर्वे मोहिमेत अशीच टॉर्पेडोंची नाचक्की सोसावी लागली होती.

दुसरा मोठा फरक गणकयंत्रात. जर्मन यंत्र त्या क्षणाचं उत्तर काढतं. अमेरिकन यंत्र आकडे एकदा भरले की लक्ष्याची जागा काळाप्रमाणे स्वतः पुढे सरकवत राहतं. गेममध्ये हा भाग वेगळ्या बटणाने चालू करावा लागतो, आणि नवखे ते विसरतात. मग आकडे बरोबर असूनही टॉर्पेडो मागे पडतो. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांनी पेरिस्कोप वर करून यंत्राने दाखवलेली दिशा आणि जहाजाची खरी दिशा ताडून पाहा. जुळली तर वेग आणि कोन बरोबर. सरकत असेल तर वेग बदलून पुन्हा पाहा. जर्मन गेममध्ये नसलेली ही पडताळणी फार समाधान देते. १९४२ नंतर एसजे हे पृष्ठभागावरची जहाजं शोधणारं रडार मिळालं की तर जपानी ताफा रात्रीच्या अंधारातच नकाशावर उमटतो. अटलांटिकमध्ये रडार तुमच्या जिवावर उठतं, इथे ते तुमच्या बाजूने असतं.

मोठे मॉड, म्हणजे फॉल ऑफ द रायझिंग सन अल्टिमेट, ट्रिगर मारू ओव्हरहॉल्ड, रियल फ्लीट बोट, यांना १.५ आवृत्ती लागते, आणि ती 'यू-बोट मिशन्स' या ॲड-ऑनबरोबर येते. घेताना ॲड-ऑन आहे ना हे तपासा. मराठी वाचकाला तो ॲड-ऑन आणखी एका कारणाने रोचक वाटेल: त्यात पेनांगच्या तळावरून जर्मन पाणबुड्या हिंदी महासागरात चालवता येतात. १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनीने 'मान्सून' नावाचा गट खरोखर इकडे पाठवला होता, आणि अरबी समुद्रातली जहाजं त्यांचं लक्ष्य होती. गेममधली टाइप ९-डी२ ही लांब पल्ल्याची पाणबुडी; तिचा पल्ला २३,००० सागरी मैलांहून जास्त. सुभाषबाबूंना फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून घेऊन निघालेली यू-१८० याच कुळातली, डी१ प्रकारची. एप्रिलअखेर त्यांना मादागास्करच्या बाजूला जपानी आय-२९ वर उतरवलं गेलं. त्याच वर्षी ९ मार्चला मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर कलकत्ता लाइट हॉर्सच्या स्वयंसेवकांनी धाड घातली होती. ते जहाज पाणबुड्यांना वायरलेसवरून खबरा देतं असा इंग्रजांचा संशय होता. हे सारं गेममध्ये येत नाही, पण पेनांगहून निघून गोव्याच्या बाजूला गस्त घालताना आठवतं खरं.

यूबोट

इथे तुम्ही कप्तान कमी आणि घरमालक जास्त. पाणबुडी आडवी कापल्यासारखी दिसते. आत अधिकारी, त्यांच्या हाताखाली नेमलेले खलाशी, झोप, जेवण, शिस्त, प्राणवायू, वीज. अधिकाऱ्याला कामाला लावलं की त्याचं कौशल्य वाढतं आणि तो थकतोही. भोक पडलं की पाणी त्याच कप्प्यात भरतं, माणूस पाठवून बुजवावं लागतं, आणि पंप लावला तर आवाज होतो. ध्वनियंत्र लावून वर शोधनौका बसली असेल तर पंप लावायचा की पाणी सोसायचं, हा निर्णय इतर तिन्ही गेमपेक्षा इथे जास्त टोचतो. सायलेंट हंटरमध्ये दुरुस्ती ही सरकणारी पट्टी असते, इथे ती माणसं असतात.

नेमबाजी अधिकाऱ्यावर सोपवता येते किंवा स्वतः हातात घेता येते, आणि काठिण्याच्या बाबी वेगवेगळ्या जुळवता येतात. म्हणून चारांपैकी नवख्याला सर्वांत कमी दुखवणारा हाच. पण सावध: माणसं सांभाळण्यात इतका वेळ जातो की ज्यांना फक्त ताफा आणि भूमिती हवी त्यांना हे भातुकलीसारखं वाटू शकतं. नवखे इथे बहुतेकदा एका कारणाने फसतात: सगळ्या अधिकाऱ्यांना हल्ल्यात गुंतवतात, हल्ला संपताच सगळे एकदम थकतात, आणि परतीच्या वाटेवर विमान येतं तेव्हा बुडी मारायला दमलेली माणसं असतात. एक अभियंता आणि एक टेहळणी करणारा नेहमी विश्रांतीत ठेवा.

वुल्फपॅक

मोहीम नाही, बढती नाही, पडद्यावर मदतीच्या खुणा नाहीत. एक टाइप ७, एक ताफा, आणि जागा वाटून घेतलेले मित्र. एक पेरिस्कोपवर, एक गणकयंत्रावर, एक सुकाणू आणि खोलीच्या पंखांवर, एक वायरलेस आणि ध्वनिग्राहकावर. संदेश एनिग्मावर टाइप करून उकलायचा. एकाहून जास्त पाणबुड्या एकाच ताफ्यावर सोडता येतात, म्हणजे सायलेंट हंटरमध्ये नसलेला कळप इथे आहे. खोली सांभाळणारा नवखा असेल तर पेरिस्कोप-खोलीवरून पाणबुडी वर उसळते आणि सगळ्यांचा घात होतो. पंख आधीच उलटे फिरवायला शिकणं हा त्याचा पहिला धडा.

एकट्याने खेळता येतो, संगणकी खलाशांना हुकूम देऊन, पण त्यासाठी हा गेम घेऊ नये. घ्यायचा तर किमान तीन मित्र ठरलेले असावेत आणि सगळ्यांकडे माइक असावा. पुण्यातले दोघे आणि न्यू जर्सीतला एक असा गट असेल तर शनिवारची रात्र आणि तिकडची सकाळ जुळवून घ्या. एक ताफा दोन-तीन तास खातो आणि मध्येच उठता येत नाही.

शेजारीशेजारी

| | सायलेंट हंटर ३ | सायलेंट हंटर ४ | यूबोट | वुल्फपॅक |
|---|---|---|---|---|
| समुद्र | अटलांटिक | प्रशांत. ॲड-ऑनने हिंदी महासागर | मुख्यतः अटलांटिक | अटलांटिक, एकेक ताफा |
| तुमचं काम | कप्तान, सहा वर्षांची कारकीर्द | कप्तान, रडार आणि अमेरिकन गणकयंत्र | माणसं आणि यंत्रं सांभाळणं | एक जागा, एक काम |
| संगणक | जुना लॅपटॉपही चालतो | जुना लॅपटॉपही चालतो | १६ जीबी रॅम आणि एसएसडी असावी | मध्यम. इंटरनेट स्थिर हवं |
| मॉडची गरज | जवळपास सक्तीची | हवी | नसली तरी चालते | नाही |

सायलेंट हंटर ५ (२०१०) या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. त्यात पाणबुडीत पायी फिरता येतं ही गंमत आहे, पण फक्त टाइप ७ मिळते, मोहीम १९४३ मध्ये संपते आणि सुरुवातीला सतत इंटरनेट लागण्याच्या अटीने त्याने भरपूर शिव्या खाल्ल्या. वुल्व्ज ऑफ स्टील या मॉडने तो बऱ्यापैकी सावरला. आधीपासून तुमच्याकडे पडून असेल तर त्या मॉडसह बघा. पहिला गेम म्हणून नको.

चौघांतही एक गोष्ट दिसत नाही. पेरिस्कोपमधल्या त्या ५,००० टनांच्या जहाजाच्या इंजिनखोलीत आणि डेकवर माणसं असायची, आणि ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर त्यांतली बरीच हिंदी खलाशी असत: रत्नागिरीकडचे, गोव्याचे, बंगालचे, सिल्हेटचे. दुसऱ्या बाजूला जर्मन पाणबुडीदलातली सुमारे चाळीस हजार माणसं समुद्रावर गेली आणि तिसेक हजार परत आली नाहीत. गेममध्ये एकीकडे टनांचा आकडा वाढतो, दुसरीकडे 'पुन्हा खेळा' असं बटण येतं. तारखेप्रमाणे टिकून राहणं कठीण करणारा जीडब्ल्यूएक्स लावलेला सायलेंट हंटर ३ त्यातल्या त्यात या प्रमाणाच्या जवळ जातो, १९४३ नंतरच्या तारखा खेळल्या तर.

मग कोणता

इतिहासाची आवड आहे, एकट्याने आठवड्याला दोन-तीन तास खेळणार, संगणक जुना: सायलेंट हंटर ३ आणि जीडब्ल्यूएक्स. कारकीर्द सप्टेंबर १९३९ ला टाइप २ वर सुरू करा. पाच टॉर्पेडोंची ती छोटी नाव जवळ जायला शिकवते. गणितात रमणारे आणि रडार-यंत्रांची आवड असलेले: सायलेंट हंटर ४. आधी कुठलाच पाणबुडीचा गेम खेळला नसेल आणि आधुनिक चित्रं हवी असतील, तर यूबोट. मित्रमंडळ तयार असेल तर वुल्फपॅक, नाहीतर नाही. यूबोट आणि सायलेंट हंटर ३ एकमेकांना मारक नाहीत. एकात माणसं, दुसऱ्यात युद्ध. दोन घ्यायचे झाले तर हीच जोडी.

सायलेंट हंटर ३ किंवा ४ पहिल्यांदा लावताना वास्तवतेच्या सगळ्या खुणा एकदम चालू करू नका. पहिल्या दोन गस्तींना मर्यादित बॅटरी, मर्यादित प्राणवायू, फुसके टॉर्पेडो आणि खरा दुरुस्तीवेळ चालू, बाहेरचा कॅमेरा बंद, कारण त्याने सगळंच आयतं कळतं, नेमबाजी स्वयंचलित. तिसऱ्या गस्तीपासून नेमबाजी हाती घ्या, पण नकाशावर जहाजांच्या खुणा उमटत राहू द्या. त्या खुणांवरून तुमचा काढलेला वेग तपासता येतो. तो सलग चार-पाच वेळा अर्ध्या नॉटच्या आत आला की मगच नकाशाच्या खुणा बंद करा. वेळ पळवण्याचं प्रमाण किनाऱ्याजवळ १२८ च्या वर नेऊ नका. १०२४ ला विमान दिसून बॉम्ब पडेपर्यंत तुमचा हात कळीपर्यंत पोचत नाही, आणि खडकावर चढलेली पाणबुडी दुरुस्त होत नाही.